पॅच टाकूनही बॉक्स पुन्हा ‘असुरक्षित’: हार्टब्लीडच्या जातीच्या मेमरी-गळतीचं निवारण

लक्षण साधारण असं असतं. सुरक्षा-दोष शोधणाऱ्या स्कॅनरच्या रिपोर्टमध्ये व्हीपीएन गेटवे (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरण्याचं दार) किंवा लोड बॅलन्सर (रहदारी अनेक सर्व्हरांत वाटणारं उपकरण) लाल दिसतो, पुढे सीव्हीई-२०१४-०१६० असा शेरा, म्हणजे ‘हार्टब्लीड’ या दोषाचा नोंद-क्रमांक. अशा तयार उपकरणाला, म्हणजे अप्लायन्सला, इथे ‘बॉक्स’ म्हटलं आहे. वेंडरचं (उपकरण बनवणाऱ्या कंपनीचं) फर्मवेअर टाकलं जातं, पुढचा स्कॅन स्वच्छ येतो, तिकीट (कामाची नोंद) बंद होतं. काही आठवड्यांनी ये रे माझ्या मागल्या: तोच पत्ता, तोच शेरा. कधी याहून वाईट घडतं. स्कॅन स्वच्छच राहतो, पण पासवर्ड न टाकता, ओटीपी न देता कुणीतरी दुसऱ्याच्या नावाने व्हीपीएनमध्ये बसलेलं सापडतं.

अशा वेळी बहुतेक जण तेच फर्मवेअर पुन्हा टाकून बघतात. त्याने क्वचितच काही साधतं. आधी तीन प्रश्न वेगळे करायला हवेत. स्कॅनर खरं सांगतोय का? बॉक्समध्ये जुनी लायब्ररी अजून कुठे जिवंत आहे का? आणि दोष उघडा होता त्या काळात जे बाहेर गेलं, ते अजून चालतंय का? तिसरा प्रश्न बऱ्याच ठिकाणी विचारलाच जात नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान तिथेच होतं. म्हणून या लेखात सगळ्यांत जास्त जागा त्याला दिली आहे.

दोष नेमका काय आहे

ओपनएसएसएल ही जोडण्या एनक्रिप्ट करणारी लायब्ररी. तिची १.०.१ ही आवृत्ती मार्च २०१२ मध्ये आली आणि तिच्याबरोबर टीएलएसची (जोडणी एनक्रिप्ट करण्याच्या प्रमाण पद्धतीची) ‘हार्टबीट’ ही सोय आली. हार्टबीटची व्याख्या आरएफसी ६५२० या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात आहे. जोडणी जिवंत आहे का, एवढंच विचारण्यासाठी ती आहे. एका बाजूने छोटा संदेश पाठवायचा, दुसऱ्या बाजूने त्यातला मजकूर जसाच्या तसा परत करायचा. संदेशात पहिला बाइट प्रकाराचा, पुढचे दोन बाइट मजकुराच्या लांबीचे, मग मजकूर, आणि शेवटी किमान १६ बाइट भरताड.

घोळ त्या मधल्या दोन बाइटांत आहे. समोरच्याने ‘माझा मजकूर ६५,५३५ बाइटांचा’ असं लिहून प्रत्यक्षात एकच बाइट पाठवला, तरी कोड ती लांबी खरी धरायचा. उत्तर तयार करताना तो त्या एका बाइटापासून पुढे मेमरीत जे पडलं असेल ते उचलायचा आणि पाठवून द्यायचा. एका फेरीत ६४ केबीपर्यंत, आणि फेऱ्यांना मर्यादा नाही. लॉगिन लागत नाही. हँडशेक पूर्ण व्हायच्या आधीही ही विनंती चालते. नेहमीच्या लॉगमध्ये त्याची एक ओळही उमटत नाही.

गूगलचे नील मेहता आणि फिनलंडच्या कोडेनॉमिकॉन कंपनीचे अभियंते यांना हा दोष स्वतंत्रपणे सापडला. ७ एप्रिल २०१४ रोजी तो जाहीर झाला आणि त्याच दिवशी १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती निघाली. दुरुस्ती म्हणजे एक तपासणी: सांगितलेली लांबी आलेल्या रेकॉर्डमध्ये मावत नसेल तर संदेश निमूटपणे टाकून द्यायचा. १.०.१ पासून १.०.१एफपर्यंतच्या आवृत्त्या बाधित होत्या, ०.९.८ आणि १.०.० या मालिकांमध्ये हा दोष कधीच नव्हता. म्हणजे जुन्या फर्मवेअरवर सुरक्षित असलेला बॉक्स मधल्या एखाद्या फर्मवेअरवर नेल्यामुळे बाधित झाला, असंही होऊ शकतं. ‘जितकं जुनं तितकं धोक्याचं’ हा आडाखा इथे चालत नाही.

मेमरीत असं काय पडलेलं असतं? ओपनएसएसएल त्या काळी मोकळे झालेले बफर ऑपरेटिंग सिस्टीमला परत न करता स्वतःजवळ राखून ठेवायचं आणि पुन्हा वापरायचं. त्यामुळे शेजारच्या मेमरीत बहुधा नुकत्याच येऊन गेलेल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी रहदारीचे अवशेष असतात. गळालेला एखादा तुकडा हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडून बघा. बराचसा भाग कचरा दिसतो: शून्यांच्या रांगा, अर्धवट पॉइंटर. मग मध्येच एका ब्राउझरची अख्खी विनंती, ‘होस्ट’ची ओळ, ‘यूजर-एजंट’ची ओळ, आणि खाली ‘कुकी’ या शब्दापुढे सेशनची लांबलचक हेक्स माळ. आणखी खाली लॉगिन फॉर्ममधून आलेलं वापरनाव आणि त्याला जोडून पासवर्ड, साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत. तो माणूस नेमका त्याच वेळी लॉगिन करत होता, एवढाच त्याचा दोष.

अप्लायन्सवर हे साध्या वेब सर्व्हरपेक्षा जास्त गंभीर आहे. वेब सर्व्हरवर एका साइटची रहदारी असते. व्हीपीएन गेटवेवर सगळ्या कर्मचाऱ्यांची असते, आणि त्याच बॉक्समध्ये आतल्या डिरेक्टरीशी (वापरकर्त्यांच्या यादीशी) बोलायचा पासवर्ड, रेडियसचं (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचं) शेअर्ड सीक्रेट आणि टीएलएसची प्रायव्हेट की (बॉक्सची ओळख पटवणारी गुप्त की) एकत्र नांदत असतात.

स्कॅनर खरं सांगतोय का

हा भाग लवकर उरकता येतो, पण टाळू नका.

काही स्कॅनर नुसता आवृत्तीचा आकडा वाचून निकाल देतात. लिनक्सची वितरणं बहुधा आकडा न बदलता जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती बसवतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ आणि डेबियन ७ या दोन्हींत दुरुस्तीनंतरही ओपनएसएसएल स्वतःला १.०.१ई म्हणूनच सांगत होतं. त्यांच्यावर उभारलेल्या अप्लायन्सचंही तेच. आकडा पाहून लाल शिक्का मारणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. शेलमध्ये जाता येत असेल तर आवृत्तीची सविस्तर माहिती मागवा आणि ‘बिल्ट ऑन’पुढची तारीख वाचा, ती ७ एप्रिल २०१४ च्या आधीची असेल तर संशय रास्त आहे. पक्का निकाल मात्र प्रत्यक्ष विनंती पाठवून बघणाऱ्या चाचणीचाच. एनमॅप या स्कॅनिंगच्या साधनाची एसएसएल-हार्टब्लीड ही स्क्रिप्ट तेच करते. ती फक्त स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या उपकरणांवर चालवा, कारण ही चाचणी खरोखर मेमरी वाचते.

उलटी फसगतही होते. बाहेरून स्कॅन केला तर वाटेतला आयपीएस (हल्ले ओळखून अडवणारं उपकरण) ती विनंती अडवतो आणि बॉक्स निर्दोष दिसतो. आतल्या नेटवर्कमधून, मध्ये काहीही न ठेवता, पुन्हा तपासा.

आणखी एका जागी अनुभवी माणसंही चकतात. ओपनएसएसएलच्या क्लायंटने जोडणी करून सर्व्हर हार्टबीटचं एक्स्टेन्शन (क्रमांक १५) देऊ करतो का, हे बघायची पद्धत आहे. पण क्लायंटने विचारलं तरच सर्व्हर ते एक्स्टेन्शन सांगतो, आणि टीएलएसवरची हार्टबीटची सोय ओपनएसएसएलने १.१.० मध्येच काढून टाकली. आजच्या लॅपटॉपवरून तपासलं की काहीच दिसत नाही आणि ‘बंद आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. या चाचणीसाठी १.०.१ किंवा १.०.२ मालिकेतला क्लायंट हवा, किंवा एक्स्टेन्शन स्वतः पाठवणारं साधन.

जुनी लायब्ररी कुठे लपलेली असते

स्कॅनर खरा ठरला आणि फर्मवेअरही नवं आहे, तर दोष ‘परत आला’ असं नसतं. तो कुठेतरी शिल्लक होता.

सगळ्यांत नेहमीची जागा म्हणजे जोडीतला दुसरा बॉक्स. दोन बॉक्स, एक सामायिक आभासी पत्ता, त्यातला एक सक्रिय आणि दुसरा स्टँडबाय. अपडेट सक्रिय बॉक्सवर होतं, स्कॅन सामायिक पत्त्यावर होतो, सगळं हिरवं. पुढे कधी वीज जाते किंवा केबल हलते, फेलओव्हर होतो आणि जुन्या फर्मवेअरचा बॉक्स पुढे येतो. आता तोच पत्ता लाल. कुणी चौकशी करेपर्यंत पहिला बॉक्स पुन्हा सक्रिय झालेला असतो आणि दोष गायब. मी पाहिलेल्या अशा एका जोडीत दोन्ही बॉक्सवर नवं फर्मवेअर ‘इन्स्टॉल’ झालेलं दिसत होतं, पण दुसऱ्याचं बूट पार्टिशन अजून जुन्या प्रतीकडेच बोट दाखवत होतं. नवी प्रत डिस्कवर होती, चालू जुनी होती. म्हणून स्कॅन कधीही सामायिक पत्त्यावर थांबवू नका. प्रत्येक बॉक्सच्या स्वतःच्या पत्त्यावर करा, मग ठरवून फेलओव्हर करा आणि पुन्हा करा. क्लस्टरमध्ये चार नोड असतील तर चारही.

दुसरी जागा: एकाच बॉक्समध्ये एकापेक्षा जास्त लायब्ररी. व्यवस्थापनाचं वेब पान एका प्रतीवर चालतं, रहदारी हाताळणारं इंजिन दुसऱ्या. व्हीपीएनची सेवा कित्येकदा ओपनएसएसएल स्वतःच्याच बायनरीत मुरवून घेते. अशा वेळी शेलवर विचारलेला आवृत्तीचा आकडा त्या सेवेबद्दल काहीच सांगत नाही. वेंडरच्या सूचनेत ‘डेटा प्लेन’ (रहदारीचा भाग) आणि ‘मॅनेजमेंट प्लेन’ (व्यवस्थापनाचा भाग) यांचा वेगवेगळा उल्लेख असेल तर तो नीट वाचा. एक बाधित आणि दुसरा नाही, असे प्रकार खरोखर होते.

तिसरी: फाइल बदलली, प्रॉसेस बदलली नाही. लिनक्सवर चालू असलेली प्रॉसेस जुनी लायब्ररी मेमरीत धरून ठेवते, भले डिस्कवरून ती गेली असो. प्रॉसेसच्या मेमरी नकाशात लायब्ररीच्या नावापुढे ‘डिलीटेड’ दिसलं की समजावं. शक्य असेल तर एकेक सेवा रीस्टार्ट करत बसण्यापेक्षा पूर्ण रीबूट घ्या.

चौथी जागा फार कमी जणांच्या लक्षात येते. स्कॅनर साधारण टीसीपी पोर्ट ४४३ बघतो. पण व्हीपीएन बऱ्याचदा डीटीएलएसवर, म्हणजे यूडीपीवर चालतं, आणि तिथेही हार्टबीट होतं. मेल गेटवेवर टीएलएस स्टार्टटीएलएसच्या वाटेने, म्हणजे आधी साधी जोडणी होऊन मग, सुरू होतं. वायरलेस कंट्रोलर आणि रेडियस सर्व्हर यांच्यात टीएलएस ईएपी या लॉगिन-पद्धतीच्या पोटात चालतं. तिथे उघडा पोर्ट असा काही नसतोच. मे २०१४ मध्ये याच वाटेने वाय-फायवरून हार्टब्लीड चालवून दाखवलं गेलं. पोर्ट स्कॅनरला यातलं बरंचसं दिसत नाही.

आणि पाचवी: बॉक्स जेव्हा स्वतः क्लायंट असतो. लॉग दुसरीकडे पाठवताना, डिरेक्टरीला एलडीएपीएसवरून विचारताना, अपडेट ओढताना, रहदारी उलगडून तपासताना तो बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करतो. दोष दोन्ही दिशांनी चालतो. कुटिल सर्व्हरने हार्टबीट पाठवून क्लायंटची मेमरी वाचणं याला ‘रिव्हर्स हार्टब्लीड’ म्हणतात. इथे येणारी जोडणी फायरवॉलने अडवून काही उपयोग नाही, कारण जोडणी आतून बाहेर गेलेली असते.

याखेरीज आभासी अप्लायन्सचे जुने टेम्प्लेट आणि स्नॅपशॉट आहेतच. भार वाढला की ऑर्केस्ट्रेशन (नोड आपोआप उभे करणारी यंत्रणा) जुन्या टेम्प्लेटमधून नवा नोड उभा करतं, भार ओसरला की पाडतं. दोष ठरावीक वेळीच दिसत असेल तर सगळ्यात आधी इथे बघा.

बाहेर गेलेलं परत येत नाही

आता मुख्य गोष्ट. बफरच्या बाहेर लिहून स्वतःचा कोड चालवणाऱ्या हल्ल्यात हल्लेखोर बॉक्सवर काहीतरी ठेवून जातो, ते शोधून काढता येतं. मेमरी वाचणाऱ्या दोषात तो काहीच ठेवत नाही. तो घेऊन जातो. पॅच पुढची गळती थांबवतो. आधी गळालेल्या कुकी, की आणि पासवर्ड यांना तो हातही लावत नाही. तरी बहुतेक ठिकाणी सगळा जोर पॅचवर आणि बाकीच्या कामांना ‘नंतर बघू’. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

यातलं सर्वांत तातडीचं सेशन, म्हणजे एकदा लॉगिन झाल्यावर चालू राहणारा प्रवेश. एप्रिल २०१४ मध्ये दोष जाहीर झाल्यावर लगेचच मँडियंट या सुरक्षा कंपनीने एक प्रकरण मांडलं: हल्लेखोरांनी व्हीपीएन अप्लायन्सच्या मेमरीतून चालू सेशनची टोकनं उचलली आणि त्यांच्या आधारे आत प्रवेश केला. बहुघटक पडताळणी होती, तिचा उपयोग झाला नाही. होणारही नव्हता. ओटीपी विचारला जातो तो सेशन सुरू होताना. टोकन म्हणजे विचारून झाल्याचा पुरावा, आणि तोच चोरीला गेला होता. अनेक बॉक्स रीबूटनंतरही सेशन टिकवून ठेवतात, हाय-अव्हेलेबिलिटीच्या जोडीत तर ते मुद्दाम दुसऱ्या बॉक्सवर नकलले जातात. म्हणून पॅचनंतर सगळी सेशन्स आदेश देऊन तोडावी लागतात, दोन्ही बॉक्सवर. सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागेल, तक्रारी येतील. येऊ द्या.

नऊ वर्षांनी हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. १० ऑक्टोबर २०२३ रोजी सिट्रिक्सच्या नेटस्केलर एडीसी (लोड बॅलन्सर) आणि गेटवे (व्हीपीएन) यांमधला सीव्हीई-२०२३-४९६६ जाहीर झाला, ज्याला ‘सिट्रिक्सब्लीड’ हे नाव पडलं. तिथे दोष एनक्रिप्शनच्या लायब्ररीत नव्हता, पण जात तीच: मजकूर बफरमध्ये लिहिणारं फंक्शन ‘जागा असती तर किती लिहिलं असतं’ तो आकडा परत देतं, आणि कोडने तोच प्रत्यक्ष लिहिलेल्याचा आकडा समजून तितके बाइट बाहेर पाठवले. गळाली ती सेशनची टोकनं. ज्यांनी वेळेत पॅच टाकला पण सेशन्स तोडली नाहीत, त्यांच्याकडे आधी चोरलेली टोकनं पॅचनंतरही चालत राहिली. जून २०२५ मध्ये त्याच उत्पादनात सीव्हीई-२०२५-५७७७ आला तेव्हाही पॅचबरोबर सेशन्स तोडायला सांगावं लागलं.

दुसरी गोष्ट प्रायव्हेट की. की मेमरीतून खरंच निघते का, यावर सुरुवातीला शंका होती. क्लाउडफ्लेअरने एप्रिल २०१४ मध्ये मुद्दाम बाधित सर्व्हर उभा करून जाहीर आव्हान दिलं आणि त्याच दिवशी एकाहून अधिक जणांनी की काढून दाखवली. कारण समजून घेण्यासारखं आहे. आरएसएच्या २०४८ बिटांच्या कीमध्ये १०२४ बिटांच्या दोन मूळ संख्या असतात, म्हणजे प्रत्येकी १२८ बाइट. अख्खी की मेमरीत सलग सापडायची गरज नाही. गळालेल्या मेमरीतला १२८-१२८ बाइटांचा एकेक तुकडा घ्यायचा आणि सर्टिफिकेटमध्ये उघड छापलेल्या गुणाकाराला त्याने भागून बघायचं. एकदा नि:शेष भाग गेला की दुसरी संख्या आपोआप मिळते आणि सगळी की हातात येते.

म्हणून नवं सर्टिफिकेट नव्या कीवर हवं. इथे घसरणं फार सोपं आहे. जुनी सर्टिफिकेट-विनंतीची फाइल बॉक्सवर असतेच. तीच पुन्हा सर्टिफिकेट प्राधिकरणाकडे पाठवली की नवी तारीख, नवा अनुक्रमांक असलेलं सर्टिफिकेट मिळतं, आत मात्र चोरीला गेलेली जुनीच की. हार्टब्लीडनंतरच्या मोजणीत असं आढळलं की बाधित साइटपैकी सुमारे १० टक्क्यांनीच महिन्याभरात सर्टिफिकेट बदललं, आणि त्यातल्याही १४ टक्क्यांनी जुनीच की वापरली. तपासायची पद्धत सोपी: जुन्या आणि नव्या सर्टिफिकेटमधल्या पब्लिक कीचे ठसे (फिंगरप्रिंट) काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. सर्टिफिकेटचा ठसा वेगळा असणं पुरेसं नाही, पब्लिक कीचा वेगळा हवा.

जुनं सर्टिफिकेट रद्दही करून घ्या. ब्राउझर रद्दबातल यादी नेहमीच काटेकोरपणे बघतात असं नाही, त्यामुळे मुदत संपेपर्यंत थोडा धोका उरतोच. तरी रद्द करणं सोडू नका. जुनी रहदारी कुणी साठवून ठेवली असेल आणि त्या काळी की-अदलाबदल साध्या आरएसएने होत असेल, तर चोरलेल्या कीने ती आजही उलगडता येते. फॉरवर्ड सीक्रसी देणारे (दर जोडणीला वेगळी तात्पुरती की वापरणारे) सायफरच ठेवा, म्हणजे निदान पुढच्या काळासाठी ही वाट बंद होईल.

तिसरी गोष्ट पासवर्ड आणि बाकीची गुपितं: प्रशासकाचे पासवर्ड, डिरेक्टरीशी जोडणी करणारं खातं, रेडियसची शेअर्ड सीक्रेट, सॅमलची (एकाच लॉगिनवर अनेक सेवा वापरू देणाऱ्या पद्धतीची) सही करणारी की, सेशन तिकिटांची (आधीची टीएलएस जोडणी पुन्हा सुरू करून देणाऱ्या चिठ्ठ्यांची) की, ऑटोमेशनसाठी दिलेले एपीआय टोकन. दोष उघडा होता त्या काळात बॉक्सच्या मेमरीतून जे जे गेलं असेल ते सगळं यात येतं. वापरकर्त्यांचे पासवर्डही. कॅनडाच्या महसूल खात्याकडून याच दोषाने सुमारे ९०० लोकांचे सामाजिक विमा क्रमांक गेले. असे क्रमांक पासवर्डसारखे बदलता येत नाहीत, हे लक्षात घेतलं की बदलता येतं ते तरी बदलायला वेळ का लावायचा नाही हे कळतं.

क्रम चुकवू नका. आधी पॅच, तोही प्रत्येक प्रतीवर. मग नवी की आणि नवं सर्टिफिकेट, मग जुनं रद्द, मग सेशन्स तोडणं, आणि शेवटी पासवर्ड. पासवर्ड आधी बदलले तर नवे पासवर्डही त्याच भोकातून गळतात. सगळी मेहनत पालथ्या घड्यावर पाणी. जुनी की चालू असताना बदलले तरी धोका तोच, कारण मध्ये बसलेला माणूस त्या कीने स्वतःला गेटवे म्हणवून नवा पासवर्ड सरळ विचारून घेऊ शकतो.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक वस्तू प्रत्येक ठिकाणी असते: कॉन्फिगरेशनचा जुना बॅकअप. बॉक्स बदलला, किंवा अपडेट फसलं, आणि मागच्या महिन्याचा बॅकअप परत चढवला, की त्याच्याबरोबर जुनी की, जुनं सर्टिफिकेट आणि जुनी गुपितं सगळी परत येतात. स्कॅनर स्वच्छच दाखवतो, कारण फर्मवेअर नवंच असतं. की बदलल्या दिवशीच नवा बॅकअप घ्या आणि त्याआधीचे ‘रिस्टोअर करू नये’ असं नावातच लिहून वेगळे काढा.

लॉगमध्ये काय शोधायचं

बॉक्सच्या लॉगमध्ये हार्टबीट दिसत नाही, पण वायरवर दिसतं. टीएलएस रेकॉर्डच्या पहिल्या बाइटात प्रकार असतो आणि हार्टबीटचा प्रकार २४. हँडशेकनंतर आतला मजकूर एनक्रिप्ट झाला तरी १.२ पर्यंतच्या टीएलएसमध्ये प्रकार आणि लांबी उघडीच राहतात. विनंती लहान आणि उत्तर कितीतरी पट मोठं, अशी जोडी पॅकेट कॅप्चरमध्ये सापडली की शंकेला जागा नाही. एप्रिल २०१४ च्या आधीचे कॅप्चर कुणाकडे सहसा नसतात. पण आज अचानक बाधित बॉक्स सापडला असेल तर मागचे जितके दिवस हाताशी आहेत तितके चाळा.

चोरलेलं सेशन वापरलं गेलं का, हे मात्र व्हीपीएनच्या नेहमीच्या लॉगमधून कळू शकतं. मँडियंटच्या प्रकरणात तीच खूण होती: एकाच सेशनचा स्रोत पत्ता दोन पत्त्यांमध्ये भराभर आलटून पालटून बदलत होता, आणि ते दोन पत्ते वेगळ्या सेवादात्यांचे, वेगळ्या ठिकाणचे. मोबाइल नेटवर्कवरून वाय-फायवर गेल्यानेही पत्ता बदलतो, पण तो एकदा बदलतो आणि स्थिरावतो. मिनिटामिनिटाला इकडून तिकडे आणि पुन्हा इकडे, असं साध्या वापरात होत नाही.

फर्मवेअर लगेच मिळत नसेल तर

काही बॉक्सना वेंडरने आधार देणं कधीच थांबवलेलं असतं. अशा बॉक्सला इंटरनेटसमोर उभं ठेवू नये, हे माझं ठाम मत. तो काढेपर्यंत टीएलएसची जोडणी त्याच्या पुढे ठेवलेल्या सुरक्षित प्रॉक्सीवर संपवा. व्यवस्थापनाचं पान वेगळ्या नेटवर्कवर न्या. आयपीएसवर मोठ्या हार्टबीट उत्तरांची स्वाक्षरी नोंद करण्यावर न ठेवता अडवण्यावर ठेवा. ओपनएसएसएल स्वतः बांधत असाल तर हार्टबीट वगळणारा पर्याय देऊन पुन्हा बांधता येतं. ओपनव्हीपीएनमध्ये टीएलएस-ऑथ की (जोडणीचे पहिले संदेशही तपासणारी सामायिक की) लावलेली असेल तर ती की नसलेल्या परक्याला हा हल्ला करता येत नाही. ती की सगळ्या कर्मचाऱ्यांकडे असते, तेव्हा त्यावर किती विसंबायचं ते ठरवा.

काही वेळा वेंडरने पॅचऐवजी सोय बंद करायची सूचना दिलेली असते आणि ती पुरेशी असते. फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर झालेला ‘टिकेटब्लीड’, सीव्हीई-२०१६-९२४४, एफ५ कंपनीच्या बिग-आयपी या लोड बॅलन्सरमध्ये होता. क्लायंटने एका बाइटाचा सेशन क्रमांक आणि सेशन तिकीट पाठवलं, तर बॉक्स ३२ बाइटांचा क्रमांक परत द्यायचा. वरचे ३१ बाइट मेमरीतले. प्रोफाइलमध्ये सेशन तिकीट बंद केलं की दोष बंद. पण बंद करण्याआधी गळालेल्याचं काय, हा प्रश्न तिथेही तसाच होता.

शेवटी, कामाची नोंद असलेलं तिकीट बंद करण्याआधी या चाचण्या घ्या. पॅचच्या आधी जपून ठेवलेली स्वतःच्या सेशनची कुकी ब्राउझरमध्ये चिकटवून बघा. बॉक्सने लॉगिनचं पान दाखवलं पाहिजे, आतलं नाही. ठरवून फेलओव्हर करा आणि दुसऱ्या बॉक्सवर तेच पुन्हा बघा. पब्लिक कीचा ठसा दोन्ही बॉक्सवर नवाच येतो का, ते पाहा. डिरेक्टरीच्या खात्याचा जुना पासवर्ड वापरून बांधणी करून बघा. ती नाकारली गेली पाहिजे. यातलं एकही फसलं तर तिकीट उघडंच ठेवा, आणि कुठली चाचणी फसली ते त्यात लिहा, म्हणजे पुढच्या पाळीतला माणूस पुन्हा फर्मवेअरपासून सुरुवात करणार नाही.